अठरा हजार रुपये किलो

धावण्याच्या बुटांच्या बाजारात एक उलटा कायदा चालतो. बूट जितका कमी, तितके पैसे जास्त. टाच काढली की हजार वाढतात, तळ घासून पातळ केला की आणखी हजार, आणि आतली गादी पार काढून टाकली की दुकानदार तुम्हाला खुर्ची देतो. या हिशेबाने पूर्ण अनवाणी माणूस कोट्यधीश असायला हवा. आमच्या एटापल्ली तालुक्यात तसं काही आढळत नाही.

ज्यांना या शास्त्राचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीचा धावण्याचा बूट टाचेखाली जाड आणि बोटांखाली पातळ असतो. या दोन जाडींतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. तो साधारण 8 ते 12 मिलिमीटर असतो. हलक्या आणि ‘कमीत कमी’ या पंथातल्या बुटांत तो 4 किंवा थेट शून्य. वजन 300 ग्रॅमच्या जागी 200च्या आसपास. तळ असा की बुटाची वळकटी करून खिशात टाकता यावी. पुढे बोटांसाठी जी जागा असते ती ‘टो-बॉक्स’, ती ऐसपैस हवी. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे धावताना पायाखालची जमीन पायाला कळली पाहिजे.

आता आमच्या जमिनीविषयी. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, म्हणून एवढं बोलायचा हक्क मला आहे. सूरजागडचा पहाड हेमॅटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा. साधा दगड पाण्याच्या पावणेतीनपट जड असतो, हेमॅटाइट पाचपट. दिसायला सुपारीएवढा खडा, पण तळपायाखाली आला की पूर्ण नाव-गाव सांगून ओळख करून देतो. 2007 साली इथे खाणपट्टा मंजूर झाला, 2016च्या डिसेंबरात पहाडावर डझनावारी गाड्या जाळल्या गेल्या, 2021 पासून खाण पुन्हा सुरू झाली आणि हायवा ट्रकांची रांग हेडरी, एटापल्ली, आलापल्ली अशी गावं ओलांडू लागली. रस्त्याच्या कडेला तांबडी धूळ, आणि धुळीत लपून बसलेले खडे. रस्ता सोडून आत शिरावं तर मुरूम. मुरूम संपला की जंगल. जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची छाटणी झालेली असते. कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं बुडाशी कापतात आणि मागे बोटभर उंचीचे तिरपे खुंट राहतात. बांबूचे असतील तर बघायलाच नको. तात्पर्य, आमच्याकडे जमीन कळावी म्हणून कोणी पैसे मोजत नाही. ती फुकट कळते, आणि बहुतेक वेळा नको तेव्हा.

अशा ठिकाणी ऐन फेब्रुवारीत आमचे मेव्हणे तीन जोड घेऊन उतरले.

मेव्हणे हिंजवडीला संगणकात आहेत. चाळिशी आली की माणसं प्लॉट घेतात, नाहीतर मधुमेह घेतात. यांनी मॅरेथॉन घेतली. सुरुवातीला ते धावण्यासाठी बूट विकत घेत. आता बूट तपासण्यासाठी धावतात. जोडीला रकाने आखलेली एक वही असते: वजन, ड्रॉप, तळाची जाडी, टो-बॉक्स, पकड, घडी. शेवटचा रकाना ‘जमिनीशी संवाद’, दहापैकी गुण. पुण्यात हा रकाना रिकामा राहत होता, कारण तिथे सगळीकडे पेव्हर ब्लॉक. संवाद साधायला कोणी शिल्लकच नाही. म्हणून ते आमच्याकडे आले. तसं पत्रात लिहिताना त्यांनी ‘ताईची आठवण येते’ असं लिहिलं होतं.

तीन जोडांपैकी पहिला 4 मिलिमीटर ड्रॉपचा, सुजाण माणसाचा. दुसरा शून्य ड्रॉपचा, पुढून रुंद, मागून पुढून सारखाच पातळ. तिसरा पाच बोटांचा, प्रत्येक बोटाला स्वतंत्र खोली असलेला. तो बाहेर काढला तेव्हा आमच्या सौ. चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं तसंच धरून एकदा बुटाकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं. ‘‘चौथीत हनुमान झाला होतास तेव्हा आईनं असेच पाय शिवले होते तुला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते साठ रुपयांत झाले होते. शेपटीसकट.’’

कंपन्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांतल्या एकीनेही मला फुकट जोड दिलेला नाही.

वजन खोक्यावर छापलेलं होतं, पण मेव्हण्यांचा खोक्यावर विश्वास नाही. ते मला घेऊन थेट किराणा दुकानात गेले. दुकानदाराने इलेक्ट्रॉनिक काट्यावर पडलेली मोहफुलं हाताने झटकली, वर जुना पेपर अंथरला, आकडा शून्य केला आणि शून्य ड्रॉपचा एक बूट त्यावर ठेवला.

‘‘दोनशे वीस. जोडी चारशे चाळीस. कितीचा व्हय जी?’’

‘‘आठ हजार.’’

दुकानदाराची बोटं सवयीने कॅल्क्युलेटरकडे गेली. ‘‘म्हणजे अठरा हजार एकशे एक्क्याऐंशी रुपये किलो पडला,’’ तो म्हणाला. मागच्या फळीवरच्या बरणीकडे त्याने मान वळवली. ‘‘चारोळीले एवढा भाव नाही जी. आन् चारोळी खाता तं येते.’’

मेव्हण्यांनी वजनाच्या रकान्यात ‘220 – खातरजमा केली’ असं लिहिलं. भाव लिहायला वहीत रकानाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

हे वेड उगवलं कुठून, तर 2009 साली ख्रिस्तोफर मॅक्डूगल या अमेरिकन लेखकाचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोतल्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी आदिवासी जुन्या टायरच्या तुकड्याला वादी बांधतात आणि त्यावर दिवसदिवस धावतात, याची ती गोष्ट. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की अनवाणी धावायची सवय असलेली माणसं बहुधा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात, त्यामुळे टाच आपटल्याचा दणका त्यांना बसत नाही. झालं. ज्यांच्या तीन पिढ्या घरातसुद्धा गालिच्यावरून चालल्या, ती मंडळी पाच बोटांचे रबरी बूट घालून डांबरावर उतरली. लीबरमन यांनी लिहिलं होतं ते अनवाणी धावायची सवय असलेल्यांबद्दल. वाचणाऱ्यांनी मधली ‘सवय’ वगळली.

टायरची चप्पल म्हटल्यावर मला आमचे आजोबा आठवले. त्यांच्याकडे ती होती. तीस वर्षं एकच, तळ तोच, वाद्या बदलत. तिला घरातले लोक लाजायचे, लग्नाकार्यात ती कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून पडवीत टोपलीखाली ठेवायचे. आता तशीच सॅंडल पाच आकडी पगाराच्या माणसालाही दोनदा विचार करून घ्यावी लागते.

पुढे काय झालं, ते पुस्तकापेक्षा मजेदार आहे. पाच बोटांचा बूट काढणाऱ्या व्हिब्रम या इटालियन कंपनीवर अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, की आरोग्याचे जे फायदे सांगता त्याला शास्त्रीय आधार दाखवा. 2014 साली कंपनीने चूक कबूल न करता 37 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड केली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मंडळींनी काही धावपटूंना दहा आठवडे या बुटांवर आणून पाहिलं, तर निम्म्याहून अधिक लोकांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली निघाली. पण मला सगळ्यात आवडतो तो कोलोरॅडो विद्यापीठातला 2012चा प्रयोग. तिथे हलका बूट आणि अनवाणी पाय यांची सरळ लढत लावायची होती. बुटाला वजन असतं, पायाला बूट नसतो, मग न्याय कसा होणार? म्हणून त्यांनी अनवाणी माणसांच्या पायांना शिशाच्या पट्ट्या चिकटवून वजन सारखं केलं आणि मग पळवलं. वजन सारखं झाल्यावर बूटवाल्यांना कमी शक्ती लागली. गादीचा काहीतरी उपयोग असतो, असं ठरलं. अनवाणी माणसाच्या पायाला शिसं बांधून त्याला ‘आता तू बूट घातल्यासारखाच आहेस’ असं सांगणारी माणसं जगात आहेत, हे कळल्यापासून मला मेव्हण्यांबद्दल काही वाटेनासं झालं.

त्या आणि तशाच आणखी प्रयोगांतून एक आकडा मात्र पक्का निघाला. प्रत्येक बुटाला 100 ग्रॅम वजन वाढवलं की धावायला सुमारे 1 टक्का शक्ती जास्त लागते. हा आकडा लक्षात ठेवा, मैदानावर लागणार आहे.

परदेशातलं काही सांगितलं की मेव्हणे आपल्या मातीतले दाखले काढतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी शेतकरी पळताना पाहून दोराबजी टाटांना ऑलिंपिकची कल्पना सुचली, आणि 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. ती मॅरेथॉन आजच्यापेक्षा लांब, 42 किलोमीटर 750 मीटर, आणि चौगुले 19वे आले. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायच्या, 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. साठी उलटलेल्या लता करे 2014 साली बारामतीत नऊवारीत आणि अनवाणी धावून पहिल्या आल्या. आणि शेवटी परदेशातला एक, रोमच्या ऑलिंपिकमधला अबेबे बिकिला, 1960, अनवाणी, सुवर्णपदक.

दाखले सगळे खरे. पण मेव्हणे प्रत्येक गोष्ट मध्यंतरालाच थांबवतात. लता करेंना नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, तळपायाला बारामतीची जमीन कळावी असा त्यांचा काही आग्रह नव्हता. कविता राऊतांनी पदक घेतलं ते बूट घालून. बिकिला चार वर्षांनी टोकियोला बूट घालून उतरला आणि रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर आला. ज्याला ज्याला बूट मिळाला त्याने तो घातला. याला माझ्या माहितीत एकच ठळक अपवाद, मिलिंद सोमण. हव्या त्या कंपनीचा बूट मिळत असताना ते अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावले. मेव्हणे त्यांच्या पक्षाचे.

एटापल्लीच्या मैदानावर पहाटे साडेपाचला जी पोरं येतात, त्यांचा पक्ष ठरायचाय. ती पोलीस भरतीची पोरं. धुकं असतं, कोणीतरी मोबाइलची टॉर्च धरून फक्कीच्या रेषा शोधत असतो, कडेला रबरी स्लिपरांची रांग. काही पोरं स्लिपर तशी कडेला सोडत नाहीत, चोरीला जाते म्हणून. ती दोन्ही स्लिपर हातांत घालतात, पट्ट्यातून बोटं पुढे काढतात आणि तशी धावतात. पाय अनवाणी, हात स्लिपरबंद. हाताला ड्रॉप शून्य.

त्यांच्या भाषेत या परीक्षेला ‘ग्राउंड’ म्हणतात. एकूण पन्नास गुण: मुलांना सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मुलींना सोळाशेच्या जागी आठशे. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारले की पुरे 20 गुण, पुढे वीस सेकंद उशीर झाला की दोन गुण गेले. मेरिट अर्ध्या-एका गुणाने हुकतं. त्यामुळे इथे बुटाचं मूल्यमापन दहापैकी होत नाही, वीसपैकी होतं, आणि ते सरकार करतं.

मेव्हण्यांनी पोरांना गोल बसवून 100 ग्रॅमला 1 टक्का हा सिद्धांत समजावला. पोरांनी शांतपणे ऐकून घेतला. सर लोकांच्या पाहुण्याचं ऐकायचं असतं. मग एका पोराने बोटांवर हिशेब करून हात वर केला.

‘‘सर, माझा टाइम साडेपाच मिनिटं येते. मले पाच-दहा पायजे. वीस सेकंद कमी, म्हणजे सहा टक्के.’’

‘‘बरोबर.’’

‘‘म्हणजे एका पायामागे सहाशे ग्रॅम कमी करा लागते.’’

‘‘हिशेबाने, हो.’’

‘‘माझा बूट तं सारा अडीचशेचा हाये जी. बाकीचे साडेतीनशे पायातून काढू का?’’

मेव्हणे हसले. पण मी त्यांना वहीत काहीतरी खोडताना पाहिलं.

त्याच पोराला मग शून्य ड्रॉपचा जोड दिला. पहिली दोन चक्करं त्याने पाखरासारखी काढली. तिसऱ्या चकरेत वळणावर, जिथे कोणत्याशा कामासाठी मुरमाचा ढीग टाकला होता आणि काम सोडून मुरूम पसरला होता, तिथे त्याची चाल एकदम सभ्य झाली. चौथं चक्कर संपवून तो आला, बूट काढला, तळपाय वर करून अंगठ्याने दाबून पाहिला.

‘‘कसा वाटला?’’ मेव्हणे पेन उघडून तयार.

‘‘चांगला हाये जी. एकदम हलका.’’ पोराने बूट दोन्ही हातांनी अदबीने परत दिला. ‘‘फक्त याच्यावरून एक बूट घालाव लागते.’’

मैदानाच्या कडेला पीटीचे एक निवृत्त गुरुजी रोज येऊन बसतात. शिट्टी अजून गळ्यात असते, वाजवत नाहीत. त्यांनी तो बूट मागून घेतला, पिळला, घडी केली, उलटा करून पाहिला, नाकाजवळही नेला. मग म्हणाले, ‘‘हा तर आपला पीटी शूज.’’ आणि खरंच की. पांढरा कॅनव्हास, खाली रबराची चपाती, टाच म्हणून वेगळी काही नाही, वजन हलकं, घडी होते, दप्तरात मावतो. शनिवारी सकाळी त्याला ओला खडू फासून वाळवायचा, आणि कवायतीत पाय आपटला की खडूचा भुगा उडायचा. मेव्हण्यांनी वहीतले सगळे रकाने पीटी शूजसाठी भरून पाहिले. एकाही रकान्यात तो फार मागे राहिला नाही. टो-बॉक्समध्ये तेवढा मार खाल्ला.

‘‘आणि जमिनीशी संवाद, गुरुजी?’’

‘‘संवाद कसला बापू,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘त्या बुटात जमीन नुसत्या शिव्या द्यायची. आम्ही ऐकून घेत होतो.’’

रस्त्यावरची चाचणी वेगळी. या भागात पहाटे धावणाऱ्या अनोळखी माणसाला कारण विचारायची पद्धत आहे, आणि ती रास्त आहे. हेडरीच्या रस्त्याला मेव्हणे पाच बोटांचा बूट घालून निघाले, मी मागून स्कूटरवर. एका वळणावर जवानांनी थांबवलं. त्यातल्या एकाने आधी चेहरा पाहिला, मग पाय, मग पुन्हा चेहरा.

‘‘पळून राह्यले का पळून चालले?’’

मी स्कूटरवरून उतरून ओळख दिली. गैरसमज मिटला, चहा आला, आणि बूट हातोहात फिरला. इथले जवान बुटांच्या बाबतीत पुण्याच्या कुठल्याही क्लबपेक्षा अधिकारी माणसं. 1990 मध्ये उभी राहिलेली पोलिसांची नक्षलविरोधी सी-60 तुकडी घ्या, इथल्याच मातीतली पोरं, जंगलात दिवसचे दिवस चालणारी. पहिला जवान म्हणाला, ‘‘आवाज येत नाही, हे चांगलं.’’ दुसऱ्याने तळाला अंगठा लावून दाबला, अंगठ्याचं टोक आतून दिसलं.

‘‘याच्यातून बांबूचा खुंट जाईल ना?’’

‘‘खुंट दिसला की आपण पाय दुसरीकडे टाकायचा,’’ मेव्हण्यांनी तत्त्व सांगितलं. ‘‘यात पाय सावध होतो.’’

‘‘आन् रातच्याला?’’

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. परत येताना मेव्हणे रस्त्याच्या मधून धावत होते, कारण कडेला खडे. मागून हायवाने भोंगा दिला की कडेला, खडा लागला की पुन्हा मध्ये. अशा रीतीने त्यांनी सरळ रस्ता दीडपट लांब करून पार केला. पाचही बोटांच्या फटींत तांबडी धूळ बसली होती, आणि सौ.नी ती काढायला दात घासायचा जुना ब्रश दिला.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल मी या बुटांच्या विरोधात आहे. नाही. एका रकान्यावर माझं आणि मेव्हण्यांचं पूर्ण एकमत झालं, आणि गंमत म्हणजे त्या रकान्याबद्दल कोणी पुस्तक लिहिलं नाही, कोर्टातही गेलं नाही. टो-बॉक्स.

आमच्याकडची पोरं लहानपणी अनवाणी वाढतात. अनवाणी वाढलेला पाय पुढून पसरतो, अंगठा आणि शेजारच्या बोटात फट राहते. रेलाच्या नाचात पोरीबाळी एकमेकींच्या कमरेत हात घालून वळतात तेव्हा खाली पाहा, प्रत्येक पाऊल पंख्यासारखं उघडलेलं दिसेल. आता हा पाय आलापल्लीच्या नाहीतर एटापल्लीच्या दुकानात जातो. दुकानातला प्रत्येक बूट पुढून निमुळता, कारण तो भलत्याच पायाच्या साच्यावर बेतलेला. मग पोरगा एक नंबर मोठा घेतो, म्हणजे पुढे बोटं मावतात. टाच मागे खुळखुळते. मागे चिंधी कोंबतो. शंभर मीटरच्या सुरुवातीला पाय बुटात पुढे सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडतं, चार दिवसांनी गळून जातं. त्याच्यावर पोरं हळद लावतात आणि पुढच्या सोळाशेला उभी राहतात. मुलींचं याहून वाईट. बायकांचे म्हणून जे बूट येतात ते आणखी अरुंद, वर गुलाबी. म्हणून पोरी भावाचे जुने घालतात.

अशाच एका पोरीने शून्य ड्रॉपचा जोड घालून पाहिला. (तो तिला बरोबर बसला. मेव्हण्यांचा पाय सहा नंबरचा आहे, ही गोष्ट ते चारचौघांत सांगत नाहीत.) ती आठशेची तयारी करते. 2 मिनिटं 50 सेकंदांत आली की मुलींना पुरे गुण. तिने नाडी बांधली, जागेवर दोनदा उडी मारली आणि मग खाली बघून बुटातल्या बुटात बोटं हलवली. बराच वेळ हलवत राहिली. वरून जाळीच्या कापडातून ती हालचाल दिसत होती. मग धावली, मुरमाच्या वळणावरूनही तशीच धावली.

‘‘बोटं मोकळी राह्यतात जी,’’ ती धापा टाकत म्हणाली.

‘‘आणि तळवा? खडे लागले नाहीत?’’

‘‘तळव्याचं काय,’’ ती म्हणाली, ‘‘तो तं आपलाच हाये.’’

तिने किंमत विचारली नाही. मेव्हण्यांनीही सांगितली नाही. माणूस वाईट नाही तो. ‘‘ग्राउंड होईपर्यंत ठेव,’’ म्हणाले.

मला या कंपन्यांना एवढंच सांगायचंय. पातळ तळ, शून्य ड्रॉप, जमिनीची जाणीव हा सगळा माल तुम्ही तुमच्याकडेच ठेवा, त्याची इथे टंचाई नाही. तो पुढचा रुंद भाग तेवढा कापून द्या. त्याच्याखाली खुंट अडेल एवढं जाड रबर लावा, वजन पन्नास ग्रॅमनी वाढलं तरी चालेल, अर्ध्या टक्क्याने कोणाचं मेरिट जात नाही. रंग तांबडा ठेवा, धुवायचा त्रास वाचेल. आणि हजार-बाराशेत द्या. यात तुम्हाला नफा दिसणार नाही, हे मला समजतं. रुंदीला अजून कोणी तत्त्वज्ञान चिकटवलेलं नाही.

मेव्हणे पुण्याला गेल्यावर पंधरवड्याने त्यांचा फोन आला. वही पूर्ण झाली होती, पण तिथे काही केल्या पुन्हा पडताळणी होत नव्हती. ‘‘भाऊजी, एक काम करा. दोन किलो मुरूम कुरिअरने पाठवता का? गच्चीवर पसरतो. आणि जमल्यास तेंदूचे पाच-सहा खुंट. लोहखनिजाचे खडे मिळाले तर फारच छान.’’

मी त्यांना भूगोलाच्या अधिकाराने समजावलं, की मुरूम हे गौण खनिज आहे, त्याची वाहतूक करायला पास लागतो. तेंदू ही वनउपज, तिचा परवाना वनखात्याकडे. लोहखनिजाच्या खड्याचं तर नावच काढू नका. तो खिशात घालून तुम्ही नागपूरपर्यंत पोचलात तरी मी तुम्हाला ओळखत नाही.

‘‘मुरमाचा पास कुठे मिळतो?’’

‘‘तहसीलमध्ये. अर्ज करावा लागतो.’’

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. ‘‘कारण काय लिहायचं?’’

‘‘लिहा, जमिनीशी संवाद,’’ मी म्हटलं. ‘‘साहेब नवीन आहेत, देतीलही.’’